नळाला दाब नाही? मोटार आणण्याआधी हे क्रमाने करा

कमी दाबाच्या पाण्याबाबत बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी नळाला मोटार लागते. तिने भागलं नाही की प्लंबर येऊन घरातली निम्मी पाइपलाइन बदलतो. तरीही काही होत नाही, तेव्हा कुणीतरी पालिकेत फोन करून सांगतं, "आमच्याकडे पाणीच येत नाही." ही तक्रार निकाली काढायला दोन मिनिटं पुरतात. माणूस येतो, नळ उघडतो, पाणी येताना दिसतं, "पुरवठा सुरू आहे" असा शेरा मारतो आणि जातो. तुमचे पैसे गेलेले असतात, दाब तसाच राहतो आणि कागदावर तक्रार बंद झालेली असते.

हे टाळायचं तर आधी मोजायचं, मग दोष कुणाच्या बाजूला आहे ते ठरवायचं, आणि मगच पैसे किंवा अर्ज यांतलं जे लागेल ते काढायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्यात अडकाल.

तयारी: काय जवळ हवं

दहा लिटरची बादली (मापाच्या भांड्याने एकदा दहा लिटर ओतून आतून खूण करून घ्या), मोबाइलवरचं स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि गवंडी लोक पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब. ट्यूब हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, पाच-सहा मीटर घ्या. नळाच्या तोंडाला ती घट्ट बसवायला एक क्लिप लागेल. सोबत एक वही ठेवा. शेवटच्या पाणीपट्टीचं बिलही काढून ठेवा. त्यावर ग्राहक क्रमांक, नळजोडाचा आकार आणि पुरवठा नेमका कोण करतं हे छापलेलं असतं.

ही शेवटची गोष्ट बघायचीच. सगळीकडे पाणी महापालिकाच देते असं नाही. अमरावतीसारख्या शहरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, औद्योगिक वसाहतींच्या भागात एमआयडीसी देते, गावात ग्रामपंचायत देते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर टेबलावर पडून राहतो आणि मग "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून परत येतो.

टप्पा १: दाब कुठल्या पाण्याला नाही?

घरात दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक थेट रस्त्यावरच्या लाइनवरून येणारं, दुसरं गच्चीवरच्या टाकीतून उतरणारं. दोन्हींची कारणं वेगळी, जबाबदार माणसंही वेगळी.

टाकीच्या आउटलेटचा कॉक बंद करा आणि नळ उघडून बघा. जे बंद पडले ते टाकीवरचे. पालिकेच्या वेळेतच जे चालतात ते थेट लाइनवरचे.

फक्त टाकीवरचे नळ मंद असतील तर पालिकेकडे जाऊ नका, सरळ टप्पा ९ वाचा. एकाच नळाला धार नसेल तर पुढचं काहीच करायची गरज नाही. त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, खालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. फक्त गरम पाणी मंद असेल तर गीझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह किंवा आत साचलेला क्षार हे कारण असतं.

टप्पा २: मोजणी

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं या आकड्यांवर उभं राहतं.

*बादलीची मोजणी.* मीटरनंतरच्या पहिल्या नळाखाली बादली ठेवा, घरातले बाकी सगळे नळ आणि हौदाचा बॉलकॉक (हौद भरला की पाणी आपोआप थांबवणारा तरंगता कॉक) बंद करा, नळ पूर्ण उघडा आणि खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते लिहा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते निघतं. ६० सेकंद लागले तर १० लिटर, १२० लागले तर ५ लिटर.

आता हिशेब घाला. सांडपाण्याची भूमिगत व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर हा केंद्र सरकारचा निकष आहे. पाच माणसांचं घर म्हणजे ६७५ लिटर. पाणी ४५ मिनिटं येत असेल आणि मिनिटाला ५ लिटर पडत असेल तर हाती २२५ लिटर लागतं. म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश. गावात जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर आहे, तिथे तो आकडा धरा.

*नळीची मोजणी.* त्याच नळाला लेव्हल ट्यूब बसवा, दुसरं टोक वर उघडं धरा आणि नळ सोडा. घरात इतर कुठेही पाणी चालू नको. नळीतलं पाणी चढतं आणि एका उंचीवर थांबतं. थांबलेल्या पाण्याची नळाच्या तोंडापासूनची उंची मोजा. तोच स्थिर दाब, मीटरमध्ये. पाणी डोक्याच्या वर चढायला लागलं तर नळीचं टोक गच्चीवर नेऊन तिथून बघा. नळीच्याही वर जात असेल तर प्लंबरकडून प्रेशर गेज लावून घ्या. गेजवरचा एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर.

नळ रस्त्यापासून किती उंच आहे ते यात मिळवायचं. समजा नळाच्या वर पाणी २.१ मीटर चढलं आणि नळ रस्त्यापासून ०.६ मीटर उंच आहे. रस्त्याच्या पातळीवर २.७ मीटर दाब झाला. फेरूल, म्हणजे मुख्य लाइनला आपला नळ जोडलेला असतो तो पितळी तुकडा, जमिनीखाली अंदाजे ०.९ मीटर धरला तर फेरूलवर ३.६ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, टप्पा ५ मध्ये लागेल.

या दोन मोजण्या एकमेकींसमोर ठेवल्या की अर्धं निदान होतं.

स्थिर दाब चांगला, पण बादली मंद भरते: दाब आहे, वाट चोंदली आहे. दोष फेरूल ते नळ यांच्या दरम्यान आहे.

स्थिर दाबच कमी: लाइनमध्येच दाब नाही. घरातली पाइपलाइन बदलून काहीही होणार नाही.

हे दोन्ही मी जवळून बघितलं आहे. आमच्या घरी तीन वर्षं सकाळची धार करंगळीएवढी होती आणि आम्ही पालिकेलाच बोल लावत होतो. नळी लावली तर पाणी सरसर चढत गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलं. दाब भरपूर होता. परवानगी काढून रस्ता उकरला, फेरूल खोलला, तर आतलं भोक गंजाने पेन्सिलच्या शिशाएवढं उरलेलं, आणि जुन्या सांध्याचा तागाचा एक धागा त्यात आडवा अडकलेला. फेरूल बदलला त्या दिवशी बादली पन्नास सेकंदांत भरली. त्याच आठवड्यात वरच्या आळीत मावशीकडे नळी लावली, तर पाणी नळाच्या वर जेमतेम गुडघाभर चढून थांबलं. तिने नुकतीच घरातली सगळी पाइपलाइन नवी केली होती. तिचे पैसे वाया गेलेले बघून मला फार वाईट वाटलं. दोनशे रुपयांच्या नळीने ते वाचले असते.

सावधान: एका दिवसाची मोजणी धरू नका. सलग सात दिवस लिहा. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, सुरुवातीला आणि मध्यावर बादलीला किती सेकंद, नळीत किती उंची. सुरुवातीचा आकडा चांगला आणि दहा मिनिटांत घसरत असेल तर आसपास नळांना मोटारी लागताहेत, असा त्याचा अर्थ बहुधा असतो.

टप्पा ३: आपल्या बाजूची तपासणी

स्थिर दाब चांगला निघाला असेल तर हा टप्पा मन लावून करा. कमी निघाला असेल तरी पहिल्या दोन गोष्टी करून घ्या, कारण तपासणीला आलेला माणूस पहिलं बोट याच गोष्टींवर ठेवतो. सोप्याकडून अवघडाकडे जा.

मीटरजवळचा कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. जुन्या गेट व्हॉल्व्हमध्ये चाक फिरतं पण आतली पाती दांड्यापासून तुटून खाली पडलेली असते. चाक उघड्या बाजूला सैल फिरत राहत असेल तर व्हॉल्व्ह बदला.

मग गळती. पाण्याच्या वेळेत घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा छोटा काटा बघा. हौदाचा बॉलकॉकही बंद असताना तो फिरत असेल तर मीटरनंतर कुठेतरी पाणी मुरतंय.

मीटरच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यात वाळू आणि गंजाचे पोपडे अडकतात. मीटर सीलबंद असेल तर स्वतः उघडू नका. सील तुटलेलं सापडलं की मीटरशी छेडछाड केल्याचा आळ तुमच्यावर येतो. पालिकेला कळवून त्यांच्या माणसासमोर जाळी साफ करून घ्या.

शेवटी पाइप. घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप असेल तर तो आतून गंजाच्या गाठींनी भरलेला असू शकतो. एक तुकडा कापून आत बघितल्याशिवाय सगळा बदलू नका. आणि बदलायचाच असेल तर एक चूक टाळा, जी सर्रास होते. अर्धा इंची जीआय काढून अर्धा इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) टाकलं जातं. नावाला दोन्ही अर्धा इंच, पण जीआयचं आतलं भोक साधारण १६ मिलिमीटर असतं आणि सीपीव्हीसीचं साडेबारा-तेरा. नवा पाइप टाकूनही धार पूर्वीच्या चांगल्या दिवसांइतकी होत नाही, ती यामुळे. मीटरपासून हौदापर्यंतचा पाइप पाऊण इंची किंवा एक इंची टाका. त्याच दाबावर पाऊण इंची जीआय अर्धा इंचीच्या दुपटीहून जास्त पाणी वाहून नेतो. एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, कमीत कमी ठेवा.

फेरूलला मात्र हात लावायचा नाही. मुख्य लाइन पालिकेची, रस्ताही पालिकेचा. विनापरवाना खोदाई आणि फेरूलशी छेडछाड यांवर दंड होतो, नळजोडही तुटू शकतो. फेरूल चोंदल्याचा संशय असेल तर तसा अर्ज करा. परवानाधारक प्लंबर परवानगी घेऊन काम करतो.

तपासा: मीटरच्या आधीच्या पहिल्या सांध्यावर, पालिकेच्या माणसासमोर, बादली लावता आली तर उत्तमच. तिथे मंद असेल तर दोष फेरूलच्या बाजूला, तिथे चांगली असेल तर तुमच्या घरात.

टप्पा ४: शेजारची पाच घरं

तुमच्या लाइनवर पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूची दोन घरं, पुढची दोन आणि समोरचं एक. पाचही ठिकाणी एकाच सकाळी बादली आणि नळी लावा. अर्ध्या तासात होतं.

फक्त तुमचंच मंद असेल तर टप्पा ३ कडे परत जा. लाइनच्या शेवटाकडे आकडा घसरत जात असेल तर टोकाला दाब पोचत नाही. फक्त चढावरची घरं कमी असतील तर ज्या उंच टाकीवरून पाणी सुटतं तिची पातळी किंवा झोनची आखणी अपुरी आहे. सगळ्यांचंच एका ठरावीक तारखेपासून कमी झालं असेल तर ती तारीख नक्की करा. त्या सुमारास रस्त्याचं काम, गटाराची किंवा केबलची खोदाई, नवीन इमारतीचा नळजोड असं काही झालं होतं का ते आठवा. खोदाईनंतर लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहणं किंवा डांबराखाली गाडला जाणं हे नेहमीचं कारण आहे.

मग पाणी सोडायला येणाऱ्या चावीवाल्यांशी बोला. तक्रारीच्या सुरात नको. "मामा, आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडता, आणि पूर्वी किती उघडायचात?" असं विचारा. लाइन कुठे फुटते, कुठला एअर व्हॉल्व्ह (लाइनमधली हवा बाहेर सोडणारा) बंद पडलाय, टाकी सकाळी किती भरलेली असते, हे त्यांच्याइतकं कार्यालयात कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या वरच्या आळीचं कोडं असंच सुटलं. व्हॉल्व्ह पूर्वी बारा फेरे उघडायचा, दुरुस्तीनंतर पाचवर अडकत होता. मामा सांगत होते, पण लिहून कुणी दिलं नव्हतं.

टप्पा ५: पुरवठादाराची जबाबदारी नेमकी किती

महापालिका क्षेत्रात पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ६३ लागू होतं, मुंबईला १८८८ च्या अधिनियमाचं कलम ६१. नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम आहे.

पण किती दाब? केंद्राच्या सीपीएचईईओ या यंत्रणेच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत फेरूलपाशी किमान दाब दिला होता. एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२, तिमजलीसाठी १७. हा वितरण व्यवस्थेच्या आराखड्याचा निकष होता, प्रत्येक नळाला कायद्याने दिलेली हमी नव्हे. त्यामुळे "कायद्याने १७ मीटर द्या" असं भांडू नका. पण पाणीपुरवठा खात्यातला प्रत्येक अभियंता हा निकष शिकलेला असतो. "फेरूलवर ३.६ मीटर मिळतोय, १९९९ च्या नियमपुस्तिकेतही आराखड्याचा किमान निकष ७ होता" हे वाक्य लेखी आलं की त्याला तांत्रिक उत्तर द्यावं लागतं.

पुरवठादाराकडून मागायचं ते एवढं: मुख्य आणि वितरण लाइनची देखभाल, व्हॉल्व्ह नीट चालवणं, गळती बंद करणं, अनधिकृत जोड आणि मोटारींवर कारवाई, आणि वेळापत्रकाप्रमाणे पाणी. फेरूलपासून घरापर्यंतचा पाइप बहुतेक ठिकाणी ग्राहकाच्या खर्चाने टाकलेला असतो आणि त्याची दुरुस्तीही ग्राहकाकडेच असते. मीटर कुणाच्या मालकीचा हे गावोगाव बदलतं, नळजोडाच्या मंजुरीपत्रावर बघा. इमारतीत पालिकेची जबाबदारी सोसायटीच्या मीटर-हौदापाशी संपते, चौथ्या मजल्यावर पाणी चढवणं सोसायटीचं काम.

टप्पा ६: लेखी तक्रार

फोन, ॲप, हेल्पलाइन यांवर तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात उपअभियंत्याच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढच्या कुठल्याही पायरीवर उपयोगी पडत नाही.

मजकूर छोटा असू द्या:

"ग्राहक क्र. …, अर्धा इंची नळजोड. दि. … ते … या सात दिवसांत पाणी सकाळी सरासरी ४५ मिनिटं आलं. १० लिटरची बादली भरण्यास १२० सेकंद लागतात. स्थिर दाब रस्त्याच्या पातळीवर २.७ मीटर, फेरूलपाशी अंदाजे ३.६ मीटर. याच लाइनवरील आणखी पाच नळांची मोजणी सोबत जोडली आहे. ही स्थिती दि. … पासून आहे. घरातील पाइप, कॉक व गळती तपासून घेतली आहे. कृपया पाणी सोडण्याच्या वेळेत आमच्या उपस्थितीत फेरूलपाशी दाब मोजावा, व्हॉल्व्ह क्र. … किंवा ठिकाण … तपासावा आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

पाचही घरांच्या सह्या घ्या. वेगवेगळे पाच अर्ज दिले तर ते पाच घरगुती तक्रारी म्हणून मोजले जातात. एकत्र दिलेला अर्ज लाइनचा दोष म्हणून वाचला जातो.

नेहमीच्या चुका: पाणीपट्टी थकलेली असताना अर्ज देणं, कारण उत्तरात पहिली ओळ तीच येते. एकाच अर्जात गढूळ पाणी, जादा बिल आणि दाब असं सगळं कोंबणं. "तीव्र आंदोलन छेडू" हे पहिल्याच अर्जात लिहिणं. आणि स्वतःच्या नळाला मोटार असताना शेजाऱ्याच्या मोटारीची तक्रार करणं.

पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या आणि तोपर्यंत उकळून प्या. कमी दाबाच्या लाइनमध्ये फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरू शकतं, म्हणून हा अर्ज लांबवायचा नाही.

टप्पा ७: संयुक्त पाहणी

माणूस दुपारी बारा वाजता आला आणि पाणी सकाळी सहाला येत असेल तर त्या पाहणीला अर्थ नाही. नम्रपणे सांगा, "साहेब, पाणी सहाला येतं, सव्वासहाला या," आणि पाहणी अहवालावर वेळ लिहायला लावा.

पाहणीत हजर राहा. बादली, नळी, वही समोर ठेवा. त्यांच्याकडे गेज असेल तर दोन्ही आकडे एकमेकांशी जुळवा. फेरूलपाशी, तुमच्या नळापाशी आणि लाइनच्या सुरुवातीच्या घरापाशी, असे तीन आकडे लिहून घ्या. न वाचता सही करू नका. "पाणी सुरू आहे, तक्रार निरसन" एवढंच लिहिलं असेल तर सहीआधी स्वतःच्या हाताने ओळ घाला: "दाब … मीटर आढळला, तक्रार कायम."

टप्पा ८: उत्तर आलं नाही तर

केंद्राच्या २००८ च्या सेवा निकषांत ८० टक्के पाणी तक्रारी २४ तासांत सुटाव्यात असं उद्दिष्ट आहे. लाइनच्या दोषाला इतक्यात न्याय मिळत नाही. दोन आठवडे वाट बघून स्मरणपत्र द्या, मग पुढे जा.

*लोकसेवा हक्क.* हा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नागरी संस्थांच्या पाणीपुरवठा सेवांच्या यादीत नवीन नळजोडणीबरोबर "पाण्याची दबाव क्षमता तक्रार" ही सेवाही आहे. तुमच्या संस्थेच्या कार्यालयात लावलेल्या फलकावर किंवा संकेतस्थळावर या सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी दिलेले असतात. अर्ज याच सेवेच्या नावाने करा. मुदत उलटली तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं, त्यानंतर द्वितीय अपील आणि मग राज्य लोकसेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

*माहिती अधिकार.* तक्रार करायला नव्हे, कागद मिळवायला वापरा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "पाणी कमी का येतं?" असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळणार नाही, कारण त्यात अस्तित्वात असलेला कागद मागितलेला नसतो. मागायचं ते असं: आपल्या झोनच्या उंच टाकीची मागच्या तीन महिन्यांची पातळी नोंद, आपल्या व्हॉल्व्हची उघड-बंद नोंदवही, लाइनच्या टोकाच्या दाबाच्या नोंदी, आणि आपल्या अर्जावरील टिपणीची प्रत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "दाबाच्या नोंदी ठेवल्या जात नाहीत" असं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. अपिलात तुमच्या सात दिवसांच्या वहीसमोर त्यांच्याकडे एकही आकडा नाही, हे त्यातून दिसतं.

लोकप्रतिनिधीकडे जायचं ते हे कागद घेऊन जा. व्हॉल्व्ह बदलणं, लाइन मोठी करणं याला निधी लागतो आणि तो अंदाजपत्रकातून येतो. तिथे त्यांचा शब्द खरोखर उपयोगी पडतो.

टप्पा ९: दरम्यान घरात काय करायचं

*थेट लाइनचं पाणी कमी असेल तर* जमिनीखाली हौद बांधा. लाइनमध्ये दोन मीटर दाब असला तरी जमिनीखालच्या हौदात पाणी आपसूक पडतं, आणि हौदातून गच्चीवर चढवायला मोटार लावणं पूर्ण नियमात बसतं. हौदाचं तोंड जमिनीपेक्षा वीतभर वर, झाकण घट्ट, आणि शौचालयाच्या टाकीपासून शक्य तितका लांब. बॉलकॉक पाऊण इंची बसवा. जुना अर्धा इंची बॉलकॉकच अनेकदा धार अडवतो.

सावधान: लाइनला थेट मोटार किंवा टुल्लू (छोटा पाणी ओढणारा पंप) लावू नका. ती जप्त होते, नळजोड तुटतो, हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे ती लाइनमधला दाब शून्याखाली नेते आणि प्रत्येक गळक्या सांध्यातून मातीचं, गटाराचं पाणी आत खेचते. ते तुमच्याच नव्हे, पुढच्या दहा घरांच्या लहान मुलांच्या पोटात जातं. तसाच दुसरा प्रकार म्हणजे अंगणात खड्डा करून पाइप खाली कापून पाणी भरणं. पाणी गेलं की खड्ड्यातलं साचलेलं पाणी त्याच पाइपमधून उलट लाइनमध्ये जातं. असा खड्डा असेल तर आजच बुजवा.

*टाकीच्या पाण्याला दाब नसेल तर* उंचीचा हिशेब करा. टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर वर असेल तर शेवटच्या मजल्यावरच्या शॉवरला टाकी जवळजवळ रिकामी असताना मिळतो तो जेमतेम अडीच मीटर दाब. इथे पाइप बदलून फार फरक पडत नाही. शेवटच्या मजल्याला टाकीपासून स्वतंत्र, एक इंची लाइन द्या. तेवढ्याने भागलं नाही तर टाकीच्या आउटलेटवर छोटा प्रेशर पंप बसवा. तो तुमच्याच टाकीतून ओढतो, म्हणून त्याला हरकत नाही.

टाकी धुतल्यानंतर अचानक धार गेली असेल तर लाइनमध्ये हवा अडकली आहे. टाकी पूर्ण भरा आणि त्या लाइनवरचा सगळ्यात खालचा नळ दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवा. पुन्हा पुन्हा होत असेल तर आउटलेटच्या कॉकनंतर टाकीच्या वरपर्यंत जाणारी उघडी हवेची नळी प्लंबरकडून लावून घ्या.

टप्पा १०: दुरुस्ती झाल्यावर

व्हॉल्व्ह बदलला, फेरूल साफ झाला की त्याच दिवशी खूश होऊन "समाधान झाले" असं लिहून देऊ नका. पहिल्या दिवशी सगळे व्हॉल्व्ह उघडे असतात, टाकी भरलेली असते. पुन्हा सात दिवस तीच बादली, तीच नळी, त्याच नळाला लावा. आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. टिकले तर तसं लेखी कळवा, चावीवाल्या मामांचं नाव घेऊन कळवा. घसरले तर जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन तक्रार पुन्हा उघडायला सांगा, नवीन अर्ज करू नका. वही फेकू नका. एप्रिल-मेमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा मोजून त्यात लिहीत राहा.